मोटारगाडीचा रोग आणि अंदाजाचा इलाज

शेतकऱ्याच्या दारांत मोटारगाडी असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. कोणी ती ऊसाच्या बिलावर घेतो, कोणी कांद्यास बरा भाव लागला त्या सालीं घेतो, आणि पुष्कळजण दुसऱ्यानें चार-सहा वर्षें वापरलेली गाडी हप्त्यानें घेतात. गाडी घेण्याविषयीं आमची कांहींच तक्रार नाहीं. अपरात्रीं घरांतील आजाऱ्यास तालुक्याच्या गांवीं न्यावें लागतें तेव्हां तिची खरी किंमत कळते. आम्हांस लिहावयाचें आहे तें गाडी बिघडल्यानंतरच्या खर्चाविषयीं. हा खर्च पुष्कळदां रोगावर न होतां अंदाजावर होतो, आणि तो तसा होण्यास मिस्त्री जितका कारण तितकाच गाडीचा मालकहि कारण आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आम्ही इंजिनिअर नव्हों. आमची उमेद महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. परंतु पुराव्यावांचून निकाल लिहूं नये, आणि निकाल लिहिण्यापूर्वीं जागेवर जाऊन पंचनामा करावा, एवढें त्या नोकरीनें आम्हांस शिकविलें. आणि मोटारीच्या दुरुस्तीसहि तेंच लागू पडतें असें आम्हांस दिसून आलें आहे. येथें आम्ही दोनच तक्रारी घेणार आहों. गाडी जागीं उभी असतां इंजिन एकसारखें न चालतां थरथरतें, ज्यास मिस्त्री लोक 'आयडलिंग खराब' किंवा 'मिसिंग' म्हणतात, ही एक. आणि गाडींतील एसी थंडावा देत नाहीं, ही दुसरी. दोन्ही तक्रारी वरवर भिन्न दिसतात. पण त्यांचा बांध एकमेकींस लागून आहे, आणि एकीचा दोष दुसरीच्या नांवावर चढण्याचा संभव फार असतो. तें कसें हें पुढें येईल.

आमच्या भावकींतील एका बागाइतदारांच्या गाडीची हकीकत प्रथम सांगतों. गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरांची, दुसऱ्या हातची. रस्त्यावर ती चांगली चाले, पण रेल्वे-फाटकापाशीं उभी केली कीं स्टिअरिंग हातांत थरथरूं लागे व कधीं कधीं इंजिन बंदहि पडे. जवळच्या एका गॅरेजांत दाखविली. तेथें प्रथम प्लग बदलले. आठ दिवसांनीं पुन्हां तेंच. मग चारहि कॉइल बदलल्या. नंतर इंजेक्टर साफ झाले, आणि शेवटीं पेट्रोलचा पंप बदलला. अठरा हजारांवर रुपये गेले आणि थरथर होती तशीच राहिली. बदललेला भाग खराब होता हें कशावरून, असा प्रश्न एकदांहि कोणी केला नाहीं. पुढें दुसऱ्या एका वयस्क फिटरानें ती गाडी पाहिली. त्यानें हातांत पाना घेण्यापूर्वीं विचारलें, "ब्रेकचें पेडल अलीकडे जड लागतें का हो?" लागत होतें, पण तें सांगण्याजोगें आहे असें मालकास वाटलें नव्हतें व पहिल्या ठिकाणीं कोणी विचारलेंहि नव्हतें. मग इंजिन चालू ठेवून फिटरानें ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी रबराची नळी, इंजिनास जेथें ती जोडलेली असते त्याच्या अगदीं जवळ, चिमट्यानें दाबून धरली. थरथर थांबली. नळी काढून उलटी केली तों खालच्या अंगास उभी चीर. नवी नळी पांचशें रुपयांच्या आंत आली.

ज्यांच्या विहिरीवर पंप आहे त्यांस या हकीकतीचें नवल वाटूं नये. पंप पाणी उचलीनासा झाला, धार तुटूं लागली, म्हणजे आपण एकदम मोटार उतरवून वाइंडिंग करावयास नेतों काय? आधीं फुटबॉल पाहतों, मग सक्शन पाइपाच्या जोडावर शेण-माती लिंपून कोठें हवा धरते काय तें पाहतों. ओढणाऱ्या नळींत जराशी हवा शिरली तरी पंपाचा सगळा जोर जातो हें शेतावरच्या पोरासोरांसहि ठाऊक असतें. मोटारीचें पेट्रोल-इंजिन हेंहि एक ओढणारें यंत्रच होय. तें पाणी न ओढतां हवा ओढतें, एवढाच काय तो फरक. पेडलवरून पाय काढला म्हणजे हवेची झडप जवळजवळ मिटते आणि तिच्यामागें मोठी ओढ उत्पन्न होते. निरोगी इंजिनांत ती समुद्रसपाटीस पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांइतकी भरते. दर हजार फूट उंचीस अजमासें एक इंच वजा करावा लागतो. म्हणून पुण्यासारख्या सुमारें १,८०० फूट उंचीच्या गांवीं कांटा दोन इंच खालीं दिसला तर तेवढ्यावरून इंजिन रोगी ठरवूं नये. ही ओढ ज्या ज्या नळ्यांतून वापरली जाते, त्यांपैकीं कोणतीहि चिरली, तिचा जोड सैल झाला, किंवा हवा आंत वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डचें पॅकिंग गेलें, कीं न मोजलेली हवा आंत शिरते. इंजिन संथ चालत असतां त्यास मुळांतच हवा थोडी लागते, म्हणून ती चोरटी हवा त्या वेळीं भारी पडते. गाडी धांवूं लागली म्हणजे तीच चोरी नजरेआड होते. तेव्हां 'उभी असतां थरथरते, धांवतांना ठीक असते' हें मालकाचें बोलणें हाच पहिला पुरावा होय, आणि तो फुकट मिळतो.

पुढचा पुरावा गाडीच्या आंतील संगणक देतो. शुद्ध पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें त्याच्या १४.७ पट हवा लागते. धुराच्या नळींत बसविलेला ऑक्सिजनचा सेन्सर मिश्रण पातळ झालें कीं जाड हें सांगत असतो, आणि संगणक त्याप्रमाणें पेट्रोल वाढवितो किंवा कमी करतो. ही वाढ-घट शेंकडेवारीनें स्कॅनरवर वाचतां येते. ज्या गाड्यांत आंत येणारी हवा प्रत्यक्ष मोजणारें यंत्र आहे, त्यांत इंजिन जागीं चालू असतां पेट्रोल शेंकडा वीस वाढवावें लागत असेल, आणि इंजिनाचे फेरे मिनिटास २,५०० वर नेतांच ती वाढ उतरून शून्याच्या जवळ येत असेल, तर आंत कोठें तरी चोरटी हवा आहे असें धरावें. याच्या उलट, जागीं सारें ठीक आणि भार पडतांच वाढ चढत जात असेल, तर पेट्रोल कमी पोंचतें आहे किंवा हवा मोजणारें यंत्रच मळलें आहे असें समजावें. वरील बागाइतदारांच्या गाडीचे हे दोन आंकडे वाचण्यास पांच मिनिटें लागलीं असतीं, आणि पेट्रोलचा पंप बदलण्याचें कांहींएक प्रयोजन नाहीं हें त्यांतच दिसून आलें असतें. कित्येक लहान गाड्यांत हवा न मोजतां मॅनिफोल्डमधील दाब मोजतात. अशा गाडींत नळी चिरली असतां मिश्रण पातळ होण्याऐवजीं फेरेच वाढतात किंवा वर-खालीं हेलकावे खातात, हा भेद मात्र ध्यानांत ठेवावा.

पिकाची पैसेवारी ठरवितांना आधीं नजर-पैसेवारी काढतात. अनुभवी मनुष्याची नजर सहसा फार चुकत नाहीं. तरी अखेरचा आंकडा ठरतो तो पीक-कापणी प्रयोगावर, म्हणजे नेमून दिलेला तुकडा कापून, झोडून, धान्य कांट्यावर घालून. मोटारीच्या बाबतींत नजरेस आमचा विरोध नाहीं. चांगल्या मिस्त्रीचा कान कित्येक यंत्रांहून तीक्ष्ण असतो. परंतु नजरेनें कोठें कापावयाचें हें ठरवावें. किती भरलें हें कांट्यानें सांगावें.

स्कॅनरविषयींहि एक गैरसमज पसरला आहे. स्टिअरिंगखालीं सोळा टोकांची एक खोबणी असते. तींत तें यंत्र लावलें म्हणजे 'पी ०३०१', 'पी ०१७१' असे कोड निघतात. पहिल्याचा अर्थ पहिल्या सिलिंडरांत ठिणगीचा किंवा जळण्याचा खंड पडतो आहे, दुसऱ्याचा अर्थ मिश्रण पातळ झालें आहे. बस्स, एवढाच. कोणता भाग बदला हें त्या कोडांत कोठेंहि लिहिलेलें नसतें. कोड म्हणजे तक्रार-अर्ज होय, निकाल नव्हे. अर्जदारानें शेजाऱ्याचें नांव घातलें म्हणून कोणी शेजाऱ्यास लगेच दंड करीत नाहीं. तरीहि 'पातळ मिश्रण' एवढें वाचून ऑक्सिजनचा सेन्सर बदलणारे आम्हीं पाहिले आहेत. त्या बिचाऱ्या सेन्सरनें खरी बातमी दिली, आणि बातमी देणाऱ्याचीच बदली झाली!

कोड 'पी ०३०१' असेल तर करावयाची परीक्षा अगदीं बिनखर्चाची आहे, आणि ती प्रत्येक मालकानें मिस्त्रीकडून आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी. ज्या गाडींत प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असते, तींत इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडराची कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्याची पहिल्यावर लावावी, कोड पुसून टाकावा, आणि गाडी थोडी चालवून पुन्हां वाचावा. कोड आतां 'पी ०३०२' झाला, म्हणजे दोष कॉइलीबरोबर घर बदलून गेला. ती एकच कॉइल बदला. कोड जागचा हलला नाहीं, तर कॉइल निर्दोष सुटली. मग हीच अदलाबदल प्लगांची करावी, त्यानंतर इंजेक्टरांची. तिन्हीं निर्दोष ठरल्यास सिलिंडराचा दाब मोजावा, कारण झडप नीट बसत नसेल तर वरचें सामान कितीहि नवें घातलें तरी व्यर्थ होय. चार कॉइलींची किंमत देण्याऐवजीं एकीची द्यावी लागणें हा फरक लहान नाहीं. तेवढ्यांत एखाद्या ओळीचें ठिबक दुरुस्त होतें. आणि इंजिनाचा पिवळा दिवा नुसता न पेटतां लुकलुकूं लागला, तर गाडी तशीच रेटूं नये; न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन जळतें व तो महागडा भाग भाजून निघतो.

ज्यांच्या गाडीस पेट्रोलबरोबर सीएनजीहि आहे त्यांच्या हातीं आणखी एक साक्षीदार आहे. थरथर दोन्ही इंधनांवर सारखीच असेल तर दोष दोघांस समाईक अशा ठिकाणीं, म्हणजे हवेंत, झडपांत किंवा दाबांत शोधावा. केवळ पेट्रोलवर असेल तर पेट्रोलच्या इंजेक्टरांकडे व पंपाकडे पाहावें. केवळ सीएनजीवर असेल तर गॅसच्या किटाकडे जसें पाहावें तसेंच प्लग-कॉइलींकडेहि पाहावें, कारण गॅस पेटविण्यास ठिणगी अधिक जोराची लागते आणि थकलेली कॉइल प्रथम तेथेंच उघडी पडते. बटण दाबून इंधन बदलण्यास पैसा पडत नाहीं.

हल्लीं इथेनॉलवर सारा दोष घालण्याची एक तऱ्हा निघाली आहे. पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट देशानें २०२५ सालीं गांठलें. त्यांत ऊस पिकविणाऱ्यांचा स्वार्थ आहे, तेव्हां आम्ही बोलूं तें वाचकांनीं थोडें वजा करून घ्यावें. इथेनॉलमध्यें लिटरमागें शक्ति पेट्रोलच्या दोनतृतीयांशाइतकीच असते, म्हणून गाडी कांहींशी कमी पळते हें खरें. तें पाणी धरून ठेवतें हें खरें. आणि जुन्या गाड्यांतील त्यासाठीं न केलेल्या रबरास तें मानवत नाहीं हेंहि खरें. पण एकाच पंपावर गांवांतील पन्नास गाड्या भरतात आणि एकच थरथरते, तेव्हां त्या एकीचें बॉनेट उघडणें अधिक शहाणपणाचें.

थरथरीचीं लहानसहान कारणें आणखी आहेत. हवेच्या झडपेवर काजळी बसून ती मिटतांना अडते. ती पुसली म्हणजे पुष्कळदां काम भागतें, मात्र पुसल्यानंतर कित्येक गाड्यांच्या संगणकास झडपेची मिटण्याची जागा पुन्हां शिकवावी लागते, तें न केल्यास फेरे कांहीं दिवस विचित्र राहतात आणि लोक म्हणतात, साफ करून उलट बिघडलें. इंजिन ज्या रबराच्या बैठकींवर टेकलेलें असतें त्या बसल्या, तर इंजिन निरोगी असूनहि सारी गाडी हादरते. अशा वेळीं फेऱ्यांचा कांटा मात्र स्थिर असतो, यावरून ओळखावें. आणि हवेची चोरी शोधण्यासाठीं चालत्या, तापलेल्या इंजिनावर पेट फवारा मारण्याची जी चाल आहे ती आगीस निमंत्रण देणारी आहे. त्याऐवजीं इंजिन बंद ठेवून नळ्यांत धूर सोडणारें यंत्र वापरतात तें चांगलें. धूर जेथून निघेल तेथें चीर.

आतां एसीकडे वळूं. येथें अंदाजाचा कारभार याहून मोठा आहे आणि त्याचा मंत्र दोनच शब्दांचा आहे: 'गॅस भरा'. मार्च उजाडला कीं गाडी नेली, गॅस भरला, मे संपतां संपतां हवा पुन्हां कोमट. पुढल्या मार्चांत पुन्हां तेंच. वाचकांनीं एवढें पक्कें ध्यानांत ठेवावें कीं एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपणारा पदार्थ नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत असतो; आंत उष्णता घेतो, बाहेर टाकतो. रबराच्या नळ्यांतून व सीलांतून वर्षानुवर्षें अगदीं किंचित् झिरपणार, तें सोडून द्यावें. पण दर उन्हाळ्यांत भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधतां भरणें म्हणजे फुटक्या पाटास पाणी सोडणें होय. गॅसबरोबर थोडें तेलहि बाहेर पडतें व त्यावर धूळ बसते. म्हणून जोडाजवळ तेलकट धुळीचा डाग दिसला तर प्रथम तेथें साबणाचा फेंस लावून पाहावा. तेथें न सांपडल्यास रंगद्रव्य घालून निळसर दिव्यानें शोधतां येतें. शिवाय सध्यां बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस शंभर वर्षांच्या मोजणींत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,४०० पट पृथ्वी तापवितो. असे गॅस कमी करण्याचा किगाली येथें २०१६ सालीं झालेला करार भारतानें २०२१ सालीं मान्य केला आहे. पावसाच्या लहरीपणानें पोळलेल्या आपणांस याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

गॅस भरण्याची रीतहि पाहण्यासारखी आहे. बॉनेटखालीं एक चिठ्ठी चिकटविलेली असते व तिच्यावर गॅस किती ग्रॅम घालावा तें छापलेलें असतें. लहान गाड्यांत तें पुष्कळदां अर्ध्या किलोहून कमी असतें. तो वजनानें घातला पाहिजे. परंतु बहुतेक ठिकाणीं नुसत्या गेजाकडे पाहून घालतात. बंद गाडींत ३० अंश उष्णतेस या गॅसचा दाब सुमारें ९७ पौंड दिसतो. आंत शंभर ग्रॅम असो कीं चारशें, जोंवर थोडा तरी गॅस पातळ स्वरूपांत शिल्लक आहे तोंवर कांटा तेंच सांगणार. कणगींत धान्य आहे एवढें कळतें, किती खंडी आहे हें कळत नाहीं. गॅस जास्त झाला तरी थंडावा कमीच होतो, ही गोष्ट कित्येकांस खरी वाटत नाहीं. पण बाहेरच्या जाळींत पातळ गॅस सांचून राहिला म्हणजे तिला उष्णता टाकण्यास जागाच उरत नाहीं. आणि नळ्या उघडल्या असतील तर भरण्यापूर्वीं निर्वात-पंप निदान अर्धा तास चालवून आंतली हवा व ओल काढली पाहिजे. ओल राहिली तर ती बारीक छिद्राशीं गोठून मार्ग अडविते. हें काम घरीं करावयाचें नव्हे. सुटणारा गॅस डोळ्यांत गेल्यास डोळा गोठतो.

पण गॅस कमी नसतांच गॅस भरला जातो याचें दुःख अधिक आहे, आणि त्यास शेतकऱ्याची गाडी विशेष बळी पडते. आपली गाडी मळणीच्या खळ्याजवळ, कापसाच्या ढिगाजवळ, पाचटीच्या वाटेवर उभी असते. एसीची बाहेरची जाळी, जिला कंडेन्सर म्हणतात, ती रेडिएटरच्या पुढें असते. भुसकट, तंतू, किडे हें सर्व तिच्यांत जाऊन बसतें. त्यामागचा पंखा दुबळा झाला तरी तोच परिणाम. याची खूण अशी: हमरस्त्यावर वेगांत हवा थंड येते, गाडी थांबली कीं कोमट. ही खूण दिसली तर गॅसचें नांव काढूं नये. एसी चालू ठेवून बॉनेट उघडावें व पंखा फिरतो काय तें दुरून पाहावें. हात घालूं नये, तो आपोआप सुरू होतो. मग त्या जाळीवरच तेवढें हळूहळू बादलीभर पाणी ओतावें. आंतली हवा लगेच थंड होऊं लागली तर दोष उष्णता बाहेर न पडण्याचा आहे हें सिद्ध झालें. जाळी साध्या नळाच्या धारेनें धुवावी. जोरकस फवाऱ्यानें तिच्या पातळ पात्या वांकतात आणि इलाजच रोग होतो.

एसी प्रथम थंड असून अर्ध्या-पाऊण तासानें वाराच येईनासा होतो, गाडी बंद करून दहा मिनिटांनीं सुरू केली कीं खालीं भरपूर पाणी गळतें व पुन्हां थंड वारा येतो, ही तिसरीच गोष्ट. येथें आंतल्या जाळीवर बर्फ धरतो; कारण पुष्कळदां पांढऱ्याचा काळा झालेला केबिन-फिल्टर, किंवा थंडी मोजणारा बिघडलेला सेन्सर. आणि कॉम्प्रेसर मुळींच जोडला जात नसेल तर आधीं फ्यूज, मग रिले पाहावा. त्याच क्रमांकाचा दुसरा रिले पुष्कळदां हॉर्नच्या जागीं बसविलेला असतो. अदलाबदल करून पाहण्यास कांहीं पडत नाहीं. त्यानंतर तारा पाहाव्या. गुदामाशेजारीं गाडी ठेवणारांनीं तर तारा सर्वांच्या आधीं पाहाव्या. उंदरानें एक तार कुरतडल्याचे पैसे आम्हीं कॉम्प्रेसरच्या नांवें भरलेले ऐकले आहेत.

आतां बांधाचा प्रश्न. एसीचें बटण दाबलें म्हणजे कॉम्प्रेसरचा भार इंजिनावर पडतो. संगणकास ती वर्दी आधीं मिळते व तो हवेची झडप किंचित् उघडून फेरे सांभाळतो. म्हणून कांटा क्षणभर दबून सावरावा, हें योग्य. तो न सावरतां इंजिन एसीबरोबर थरथरूं लागलें तर दोष कोणाचा? झडपेवर काजळी असूं शकेल, म्हणजे इंजिनाचा. पण कंडेन्सरचा पंखा बंद असेल तर आंतला दाब बेसुमार चढतो, कॉम्प्रेसर जड होतो, आणि निरोगी इंजिनहि त्याखालीं वांकतें. म्हणजे दोष एसीचा, आणि प्लग बदलले जातात इंजिनाचे. याच्या उलट, इंजिन फार तापलें तर संगणक स्वतःच कॉम्प्रेसर तोडून टाकतो. दोष पाण्याच्या टाकीचा, आणि गॅस भरला जातो एसींत. दोन गटांच्या वादांत मोजणी पक्क्या खुणेपासून सुरू करतात. येथें ती खूण म्हणजे एसी पूर्ण बंद ठेवून, गरम झालेल्या इंजिनाची जागेवरची चाल. ती स्थिर असेल तर एसी लावावा व पंख्याकडे पाहावें. ती मुळांतच अस्थिर असेल तर एसीस तूर्त हात लावूं नये.

यावर मिस्त्री लोकांचें एक म्हणणें आहे आणि तें आम्हांस रास्त वाटतें. ते म्हणतात, तपासण्यांत दोन तास घालविले आणि चीर सांपडली, तर गिऱ्हाईक पांचशेंची नळी पाहून म्हणतें, 'एवढ्याशा कामाचे इतके पैसे कसले?' उलट चार हजारांचा भाग घातला तर तें निमूट पैसे देतें, कारण डब्यांतून निघालेली वस्तु डोळ्यांस दिसते. हा दोष आपला आहे. जनावर आजारी पडलें असतां डॉक्टरानें नुसतें तपासलें तरी आपण त्याची फी देतों. विहिरीची जागा दाखविणारास तर पाणी लागण्यापूर्वींच नारळ व रुपये देतों, मग तेथें खडक लागो! पण मोटारीचें दुखणें शोधून काढणाऱ्या माणसाच्या अकलेस मोल द्यावयाचें म्हटलें कीं हात आंखडतो. ज्या विद्येस कोणी पैसा देत नाहीं ती विद्या बाजारांत टिकत नाहीं. तिच्या जागीं डबे येतात. म्हणून गाडी देतांनाच स्पष्ट ठरवावें कीं तपासणीची मजुरी निराळी देऊं, दोष निघो वा न निघो. पण कोणता भाग कोणत्या परीक्षेवरून खराब ठरला तें बिलावर दोन ओळींत लिहून द्यावें, आणि काढलेला जुना भाग परत द्यावा. जो मिस्त्री यास राजी नाहीं त्याच्याकडे गाडी ठेवूं नये, मग तो नात्याचा असला तरी.

हें एकट्या-दुकट्यानें साधणें कठीण; म्हणून आमच्या मंडळानें पुढाकार घ्यावा असें आम्ही सुचवितों. कोड वाचणारें साधें यंत्र एक-दोन हजार रुपयांच्या आंत मिळतें. त्याच्या जोडीस ओढ मोजणारें एक गेज, एसीच्या दोन दाबांचा गेजसंच, आणि ग्रॅमपर्यंत बरोबर तोलणारा एक कांटा, एवढें साहित्य मंडळाच्या कचेरींत असावें. फवारणीचे पंप व ताडपत्र्या जशा सभासदांस भाड्यानें देतात तसें तें द्यावें, व आयटीआयमध्यें मोटार-मेकॅनिकचा अभ्यास केलेले जे आपल्याच गांवचे तरुण घरीं बसून आहेत त्यांपैकीं एक-दोघांस तें चालविण्याचें काम मजुरी ठरवून सोंपवावें. त्यांनीं दुरुस्ती करूं नये. फक्त तपासून चिठ्ठी द्यावी, ती घेऊन मालकानें पाहिजे त्या गॅरेजांत जावें. तपासणारा व सामान विकणारा एकच नसणें यांतच निम्मी बचत आहे.

याबरोबर एक नोंदवही ठेवावी. तींत गाडीचें साल, तक्रार मालकाच्या शब्दांत, निघालेला कोड, केलेली परीक्षा, बदललेला भाग, झालेला खर्च, आणि पंधरा दिवसांनीं गाडी कशी आहे हे रकाने असावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, व तोच भरावयाचा राहून जातो हा आमचा दफ्तरांतला जुना अनुभव आहे. तो भरल्याखेरीज त्या सभासदास पुढील वेळीं साहित्य देऊं नये. दोन हंगामांनंतर कोणत्या गाडीची कोणती नळी आपल्याकडील उन्हांत किती वर्षांनीं चिरते हें त्या वहींत आपोआप दिसूं लागेल. साहित्य कोणाच्या ताब्यांत राहावें व भाडें काय असावें, याविषयीं सभासदांनीं आपलें म्हणणें पुढील मासिक सभेपूर्वीं चिटणिसांकडे लेखी पाठवावें.